मेलेल्यावर मैत्री लागत नाही

विश्रांतवाडी
२ फेब्रुवारी २०२५

पूर्णिमा,

जय भीम. तुझ्या फोनने मला हाकलून दिलंय हे कळायला मला बरेच दिवस लागले. मी आपली समजत होते, हिंजवडीत रेंज नसेल. शेवटी खालच्या मजल्यावरच्या संस्कृतीने माझा फोन हातात घेतला, जरा बघितलं आणि म्हणाली, "काकू, ब्लॉक केलंय तुम्हाला." दूध संपलंय असं सांगावं, तशा आवाजात. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला आणि विचारलं, "पुण्यातल्या पुण्यात पत्र?" मी म्हटलं, "कंपनीच्या बसपेक्षा लवकर पोचेल." त्या हसल्या नाहीत, शिक्का मारला.

घरी सगळं ठीक आहे. हे वाक्य लिहून मीच परत वाचलं. ठीक म्हणजे डबे चालू आहेत. मागच्या गल्लीत यवतमाळकडची नवी पोरं राहायला आली आहेत, त्यांना भाजीत तिखट पुरत नाही आणि पोळ्या मोठ्या लागतात. आपल्याच गावाकडची, त्यामुळे तक्रारही हक्काने करतात. बाबांची शुगर आटोक्यात आहे.

बाबा सकाळी ध्यानाला बसतात. तू गेल्यापासून विहारात नाही, घरीच, आतल्या खोलीत. दार लोटून घेतात. उठले की बाहेर येतात आणि म्हणतात, "लागली." एवढंच. मग मी चहा टाकते.

तुझ्या डोक्यात तिडीक गेली असेल, माहीत आहे. पण तू ज्या दिवशी बॅग भरलीस त्या दिवशी मला एक शब्द बोलू दिला नाहीस, तर आता ऐक. पक्कं काय आहे ते मी मोजून सांगते. गेल्या जुलैत धरणातून पाणी सोडलं त्या दिवशी प्रज्ञेश कामावरून परत येताना जुन्या पुलावरून आला. स्कूटर पुलाच्या खांबाशी चिखलात सापडली. प्रज्ञेश सापडला नाही. पुढे नदीच्या खालच्या अंगाला एका गावात एक माणूस वाहून आला. त्याचा चेहरा राहिला नव्हता. पोलिसांनी फोटो दाखवले. तू म्हणालीस, दादाच आहे. बाबा म्हणाले, नाही. मी फोटो बघितला नाही. एवढं पक्कं आहे आणि बाकीचं तुम्हा दोघांचं भांडण आहे.

पोलीस म्हणाले, बहिणीच्या रक्ताने नक्की ठरत नाही, आईचं किंवा वडिलांचं द्या. बाबांनी दिलं नाही. "मले मालूम आहे तो जिवंत आहे, मंग कायले पाहिजे रक्त?" तू टेबलावर हात आपटलास आणि म्हणालीस, "तुम्ही मला माझ्या भावासाठी रडूसुद्धा देत नाही!" आणि मग माझ्याकडे बघितलंस. मी भांडी घासत होते.

थंडी आहे. स्वेटर घालत जा. तुमच्या ऑफिसात म्हणे बारा महिने थंडीच असते.

तुझी आई


९ मार्च २०२५

पूर्णिमा,

तुझं कार्ड मिळालं. तीन शब्द. "रक्त दिलं का?" खाली सहीसुद्धा नाही. इंजिनिअरिंगला एवढे पैसे घातले, निदान "आई" लिहायचं शिकवायला हवं होतं त्यांनी. बरं, मीही एका शब्दात उत्तर देते. नाही.

रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण पुढचं वाच.

तू नेहमी म्हणतेस, बाबांनी ध्यानाचं खूळ घेतलंय. ते खूळ नाही, हे मी आता आप्पासाहेबांकडून नीट समजून घेतलं. आप्पासाहेब म्हणजे विहारात रविवारी ध्यान शिकवतात ते, निवृत्त मुख्याध्यापक, तुझ्या बारशाला आले होते. मी त्यांना सरळ विचारलं, "हे लागली-लागली काय प्रकरण आहे?"

ते म्हणाले, मैत्री-भावनेचा एक क्रम असतो. आधी स्वतःला घ्यायचं. माझं मंगल होवो, मी दुःखातून सुटो. मग जवळचं माणूस. मग त्रयस्थ, ज्याच्याबद्दल आपल्याला काही वाटत नाही असा कुणीतरी, वाण्याच्या दुकानातला म्हण. मग ज्याच्याशी आपलं पटत नाही तो. आणि मग सगळेच. असं करता करता छातीत ऊब येते, मन मऊ होतं, त्याला बाबा लागली म्हणतात. हे शिकवताना आप्पासाहेबांनी जाता जाता एक नियम सांगितला होता. जवळचं माणूस निवडताना मेलेलं निवडू नका. जुने आचार्य सांगून गेलेत, मेलेल्यावर मैत्री लागत नाही.

झालं. बाबांनी तेवढंच धरलं.

तुझे बाबा तीस वर्षं कारखान्यात तपासणी खात्यात होते. मापाच्या पट्टीच्या खाचेत भाग सरकवायचा, आत गेला तर पास, नाही गेला तर नापास. माणूस निवृत्त होतो, पट्टी निवृत्त होत नाही. त्यांनी प्रज्ञेशला जवळच्या माणसाच्या जागी बसवलं आणि मैत्री लागली. पास. मेलेल्यावर लागत नाही, प्रज्ञेशवर लागते, म्हणजे प्रज्ञेश जिवंत आहे. कुठेतरी डोक्याला मार लागून पडला असेल, कुणीतरी सांभाळत असेल. रोज सकाळी पुन्हा तपासतात आणि रोज पास करतात.

मी आप्पासाहेबांना म्हटलं, तुम्ही त्यांना सांगा की असं नसतं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. म्हणाले, "वहिनी, ज्याचा मुलगा सापडत नाही त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुझी ऊब खोटी आहे?" मुख्याध्यापक असताना पोरांना छडीने फोडणारा हा माणूस.

आता तू मला विचारशील, तू का नाही देत रक्त, तुला कुणी धरलंय? विचार. मीही विचारते. गुरुवारी सकाळी बाबा नेहमीच्या वेळेला बाहेर आले नाहीत. मी ओट्यापाशी पोळी लाटत होते आणि माझे हात थांबले. मग दाराची कडी वाजली, ते आले, म्हणाले, "लागली." आणि मला भूक लागली, पूर्णिमा. इतकी भूक, की तव्यावरची पोळी मी तशीच, कोरडी, उभ्या उभ्या खाल्ली.

तुला हे कळावं म्हणून लिहिलंय. यावर तीन शब्दांचं कार्ड पाठवू नकोस.

आई


१५ एप्रिल २०२५

पूर्णिमा,

काल जयंती झाली. सगळ्या गल्लीत निळ्या माळा होत्या, आपल्या खिडकीत नव्हत्या. दरवर्षी प्रज्ञेश लावायचा, आणि एक माळ हमखास बंद पडायची, आणि तू खालून ओरडायचीस. मी संध्याकाळी पुतळ्यापाशी जाऊन वंदना करून आले. बाबा आले नाहीत. त्यांच्याकडे पाहुणे होते.

पाहुणे म्हणजे काय ते सांगते, बसून वाच.

धानोरीच्या मुक्ताई, आपण ज्यांच्याकडून दूध घेतो त्या, त्यांचा मुलगा केदार ट्रक चालवतो. गुजरातेत माल घेऊन गेला आणि फोन बंद. मुक्ताईंना कुणीतरी सांगितलं की कांबळे काकांना ध्यानात कळतं. कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, मीच. दूध मापताना त्या रडत होत्या, मला बघवलं नाही, मी बोलून गेले की आमच्या ह्यांना आमच्या मुलाचं कळतं, धीर धरा. धीर म्हणून बोलले गं. त्यांनी तो पत्ता म्हणून घेतला.

काल दुपारी आल्या. पदर डोक्यावर, हातात पेढ्याचा पुडा. म्हणाल्या, "दादा, तुमचं पोरगं जितं हाय त्ये तुम्हास्नी कळतं म्हनं. माझ्या केदारचं बगा की वो. येवढं एकच."

मला वाटलं, बाबा हाकलतील. मनात म्हटलं, हाकला. आपल्या घरात अंगारा, भगत, कुणाच्या अंगात येणं, यातलं काही कधी शिरलं नाही. तुझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्याच दिवशी देव्हारा विहिरीत टाकला होता. त्या घरात एक बाई पेढे घेऊन माझ्या नवऱ्यासमोर हात जोडून बसली होती.

बाबा म्हणाले, "फोटो आहे का त्याचा?"

पूर्णिमा, ते आत जाऊन बसले. दार उघडंच ठेवून. मुक्ताई उंबऱ्यापाशी बसल्या आणि मी त्यांच्या मागे, पाण्याचा तांब्या घेऊन. बाहेर जयंतीचा डीजे भिंती हलवत होता. बऱ्याच वेळाने बाबांनी डोळे उघडले. फक्त मान हलवली, नाही अशी.

त्या बाईने जो टाहो फोडला तो मला लिहिता येत नाही. डीजेच्या वर ऐकू आला, एवढंच सांगते.

त्या गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "हे काय केलंत?" ते म्हणाले, "मी काय केलं? नाही लागली तर खोटं सांगू?" आणि त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ होता. खोटं बोलणाऱ्या माणसाचा नव्हता. म्हणून तर भीती वाटली मला.

पेढे तसेच पडले आहेत. मुंग्या लागल्यात.

आई


१३ मे २०२५

पूर्णिमा,

काल वैशाख पौर्णिमा, तुझा वाढदिवस. खीर केली होती. डब्याच्या पोरांना वाटली. ज्याच्या त्याच्या तोंडी "काकू, साखर कमी आहे." सुखी राहा.

केदार जिवंत आहे.

त्याची गाडी तिकडे कुठल्याशा नाक्यावर अडकली होती आणि फोन चोरीला गेला होता. दुसऱ्याच्या फोनवरून त्याने घरी फोन केला, तेव्हा मुक्ताईंची त्याच्या नावाने आंघोळ करून झाली होती. घरी माणसं जमली होती. त्या तशाच, ओल्या केसांनी आपल्या दारात आल्या. आत आल्या नाहीत. "जितं पोरगं मारलंत की वो माझं! त्याच्या नावानं न्हाले मी! तुमचं कसं जितं ऱ्हातंय, माझंच कसं मरतंय?" सगळी इमारत जिन्यात आली होती. बाबा आत होते. बाहेर आले नाहीत.

मी मुक्ताईंच्या पाया पडले. दुसरं काय करणार?

नंतर बाबा मला समजावत होते. केदार आपल्या ओळखीचा नव्हता न, तो त्रयस्थ, त्रयस्थावर लागायला वेळ लागतो, डीजे होता, मन थाऱ्यावर नव्हतं. कारखान्यात म्हणे पट्टी चुकली असं कधी होत नाही, भाग धरणाऱ्याचा हात हलतो. मी ऐकत होते आणि मला कळत होतं की हा माणूस बुडतोय आणि हाताला लागेल ते धरतोय. मला त्यांचा इतका राग आला आणि त्याच क्षणी इतकी कीव आली, की दोन्हीतलं एकही पुरतं करता येईना.

आप्पासाहेब दुसऱ्याच दिवशी घरी आले. ह्या वेळी चष्मा पुसला नाही. "बावीस प्रतिज्ञा कशासाठी घेतल्या आपण? भगत व्हायला? आचार्यांनी सांगितलं ते फार खोल ध्यानाबद्दल. तुमच्या-माझ्या छातीत येते ती साधी माया आहे. ती कुणावरही येते." बाबा म्हणाले, "मंग केदारवर काऊन नाही आली?" आप्पासाहेब म्हणाले, "तुमची त्याच्यावर माया नाही म्हणून. इतकं साधं आहे ते." बाबांनी उठून त्यांना दार उघडून दिलं.

त्या रविवारी मी विहारात गेले आणि मागच्या रांगेत बसले. का, मला माहीत नाही. तुझ्या बाबांच्या त्या खोलीत काय असतं ते एकदा बघावं म्हणून असेल. आप्पासाहेब म्हणाले, स्वतःपासून सुरू करा. माझं मंगल होवो. मला हसूच आलं. माझं? माझं कसलं मंगल? पुढे सरकताच येईना. पुढच्या रविवारी तेच. आप्पासाहेब म्हणाले, मग सरकू नका, नुसतं श्वासाकडे बघा आणि तिथे जे असेल ते असू द्या. सांगायला काय जातं.

पण मी घरीही बसायला लागले. ओट्यापाशी, स्टुलावर, बाबा आत बसलेले असताना. आणि तिसऱ्या की चौथ्या सकाळी आतली कडी वाजायच्या जरा आधी माझ्या पोटात गोळा आला. तो रोजच येत असणार. रोज मी पोळी लाटत असते म्हणून कळत नव्हतं. त्या दिवशी हात रिकामे होते. मी त्या गोळ्याकडे बघत बसले. तो काय म्हणतोय ते अगदी सरळ होतं. ज्या बाईला आपला मुलगा जिवंत आहे हे माहीत असतं, तिच्या पोटात दाराच्या कडीने गोळा येत नाही.

मला माहीत आहे, पूर्णिमा. मला जुलैपासून माहीत आहे. म्हणूनच मी तो फोटो बघितला नव्हता.

कडी वाजली. बाबा आले, म्हणाले, "लागली." ह्या वेळी भूक लागली नाही.

मी रक्त देणार आहे. डब्याच्या पोरांना सुट्ट्या लागल्या की जाते.

आई


२० जून २०२५

पूर्णिमा,

दिलं.

जाण्याआधी बाबांना सांगितलं. लपूनछपून नाही गेले. ते पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "जा. मले नको सांगू काय निघालं ते." मी म्हटलं, "सांगणार." मग त्यांनी पान उलटलं.

नदीकाठच्या त्या पोलीस ठाण्यातली एक कॉन्स्टेबल मुलगी सोबत आली होती, रुपाली नावाची. तुझ्याएवढीच असेल. दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो होतो, ती आपल्या डब्यातली भाकरी मला देत होती. "खावा हो मावशी, रक्त काढल्यावर चक्कर येती." एवढीशी सुई. मला वाटलं होतं, काहीतरी मोठं होईल. कापूस दाबून धरा म्हणाले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

नंतर मी रुपालीला म्हटलं, मला ते फोटो बघायचेत. ती म्हणाली, "मावशी, रिपोर्ट येऊ द्या की. कशाला?" मी म्हटलं, "दाखव."

तुझं बरोबर होतं. पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब, आणि त्याचं नख आडवं फाटलेलं, लहानपणी पाट पडला होता तेव्हाचं. तो पाट माझ्याच हातून पडला होता. मला ते बोट अंधारातही ओळखू आलं असतं. मी तुला त्या घरात एकटीला खरं बोलायला लावलं आणि स्वतः भांडी घासत राहिले. तू कसं सहन केलंस गं?

रिपोर्टला दोन-तीन महिने लागतील म्हणाले. लागू देत. कागद त्यांच्यासाठी आहे, आणि बाबांसाठी. मी घरी येऊन वरणाला फोडणी दिली. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. नळ का सोडला? घरात मी एकटीच होते. सवय, दुसरं काय.

बाबा रोज बसतात. हल्ली "लागली" जरा मोठ्याने म्हणतात.

आई


३ सप्टेंबर २०२५

पूर्णिमा,

रिपोर्ट आला. प्रज्ञेशच आहे.

रुपालीचा फोन आला तेव्हा मागे ढोल वाजत होते. ती गणपतीच्या बंदोबस्तावर शहरात आलेली आहे, बुधवार पेठेत, दगडूशेठपाशी रांग सांभाळायला. ओरडून बोलत होती. "मावशी, मॅच झालं! मॅच झालं वो!" बिचारीला ढोलांमुळे ओरडावं लागत होतं. आजूबाजूच्या माणसांना वाटलं असेल, हिला काहीतरी आनंदाची बातमी कळलीय. मग तिलाच ते कळलं आणि तिचा आवाज खाली आला. म्हणाली, कागदपत्रं घ्यायला आणि ती जागा बघायला विसर्जन झाल्यावर या, आत्ता ठाण्यात कुणी नाही. मरण कळलं तरी ह्या शहरात आधी मिरवणूक पुढे जाऊ द्यावी लागते.

त्यांनी त्याला पुरलंय. बेवारस म्हणून, त्या गावाबाहेरच्या जागेत. वर्षापूर्वीच.

मी आत जाऊन बाबांना सांगितलं. ते खाटेवर बसून नखं कापत होते. मी म्हटलं, "रिपोर्ट आला. तोच आहे." त्यांनी उरलेली नखं कापली. सगळी. मग म्हणाले, "कागद चुकते." मी म्हटलं, "फोटो मी बघितलाय. मी आई आहे त्याची. मीही चुकते का?" ते म्हणाले, "आज सकाळी लागली न पण. आज सकाळी."

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. आप्पासाहेब ज्याला मैत्री म्हणतात, त्यातलं एवढंच मला आजपर्यंत जमलंय. समोरचा माणूस चुकतोय हे दिसत असताना त्याच्या शेजारी खाटेवर बसणं. त्यांचा हात हातात घेतला. गार होता.

तू हे पत्र कुठे वाचते आहेस, कोण आहे तुझ्याजवळ? तुझी ती खोलीतली मैत्रीण ऋतुजा असेल तर तिला सांग. एकटी वाचू नकोस. पत्राने कळवायची ही बातमी नाही, पण माझ्याकडे तुझ्यापर्यंत दुसरा रस्ता नाही.

आई


११ सप्टेंबर २०२५

पूर्णिमा,

रविवारी विहारात प्रज्ञेशचा जलदान विधी आहे. सकाळी दहाला. आप्पासाहेब त्रिसरण-पंचशील देतील, नंतर जेवण. मुक्ताईंनी दूध आपलं आपण पाठवते म्हणून निरोप धाडलाय. पैसे घेणार नाहीत म्हणे. तू यावंस असं मला वाटतं. नाही आलीस तर मी कुणाला काही सांगत बसणार नाही. तुझं तू ठरव, तुझ्यावर आम्ही पुष्कळ लादलंय.

आता कालचं आणि आजचं सांगते.

काल आम्ही दोघं त्याला पुरलंय त्या जागेवर गेलो. बाबा येणार नाहीत असं धरून मी एकटीचीच तयारी केली होती, तर ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात उभे. आधी रिक्षा, मग बस. रुपाली फाट्यावर घ्यायला आली होती. उसाच्या शेतामागे एक पडीक तुकडा आहे, बाभळी आहेत, आणि सिमेंटच्या लहान लहान पाट्या. नावं नाहीत, आकडे. तिने कागदावरचा आकडा बघितला आणि एका पाटीपाशी उभी राहिली. "हितं हाय, मावशी."

मी मेणबत्ती लावली, वारा होता, विझली. पुन्हा लावली. मला बुद्धं सरणं म्हणायला तोंड उघडवेना, तर रुपाली माझ्या शेजारी हात जोडून उभी राहिली. तिला शब्द येत नव्हते, ती नुसती उभी राहिली. मग मी म्हटलं. बाबा लांब, बांधावर उभे होते, नदीकडे तोंड करून. निघताना त्यांनी पाटीभोवतीचं गवत उपटलं, सगळं, चारी बाजूंनी, आणि हात पँटला पुसले. मी म्हटलं, बोला काहीतरी. ते म्हणाले, "बस चुकंल."

आज सकाळी ते बसले नाहीत असं मला वाटलं, कारण दार उघडं होतं. मी बघितलं तर बसलेले होते. मी स्टुलावर बसले. आज गोळा आला नाही, सगळं आत सुनं होतं. मी त्यांना नीट बघितलं, वर्षभरात प्रथमच. मान किती बारीक झालीय त्यांची. कॉलरमध्ये दोन बोटं जातील.

मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू कुणीतरी त्यांना लुटलंय.

"लागली," ते म्हणाले.

मी स्टुलावरून उठले.

"आजही लागली, सुगंधा. त्यालेच घेतलं होतं. काल ती जागा पाहिली, गवत काढलं, आन् आजही लागली. तशीच. जराशी कमी नाही." ते आपल्या छातीवर हात दाबून बसले होते, आत काही सापडतंय का बघावं तसे. "मंग इतके दिवस हे मले कोण सांगत होतं? तो नव्हता सांगत?"

"नाही," मी म्हटलं.

"हे माझंच होतं?"

"तुमचंच."

ते उठायला गेले आणि उठता आलं नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. मी जाऊन त्यांच्या पाठीमागे बसले, त्यांना टेकायला काहीतरी हवं म्हणून. ते थरथरत होते. तुझ्या बाबांना मी एवढ्या वर्षांत रडताना बघितलेलं नाही, त्यामुळे आधी मला कळलंच नाही ते काय करताहेत.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, अगदी हळू, जसं काही मी नाही म्हणू शकले असते, "तो गेला न?"

मी म्हटलं, "हो. गेला."

आई